'त्यो धूर माझा हाय'

नववीचा शेवटचा तास आटोपून मी स्टाफरूममध्ये आले तेव्हा फोनवर इंदूकाकीचे तीन मिस्ड कॉल दिसले. काकी कधी आपणहून फोन करत नाही. तिचा फोन म्हणजे सोपानकाकांनी नंबर लावून तिच्या हातात दिलेला. मी उलट फोन लावला. पलीकडून काकी सावकाश म्हणाली, "सुनी, काका गेलं बघ. चा पिलं, खुर्चीत बसलं, आन् गेलं... तरास न्हाई झाला." आठवतं ते एवढंच, की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि छाती भरून एक लांब श्वास घेतला. तो सोडताना लक्षात आलं, असा श्वास मला ज्या माणसानं मिळवून दिला, त्याचा आज थांबला होता.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. काकांवर कुणी लिहावं असे काही ते प्रसिद्ध गृहस्थ नव्हते. ते माझे सख्खे काकाही नव्हते, गल्लीतले शेजारी. माधवनगरातल्या एका लहानशा सायझिंगमध्ये त्यांनी तीसेक वर्षं बॉयलर सांभाळला. मागावर चढवण्याआधी सुताला खळ द्यावी लागते, ते काम सायझिंगमध्ये होतं. खळीला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला कोळसा. तो कोळसा ट्रकनं यायचा आणि काका फावड्यानं भट्टीत टाकायचे. गल्ली त्यांना 'फायरमन' म्हणायची. त्यांच्याकडे बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट होतं, परीक्षा देऊन मिळवलेलं, आणि ते त्यांनी काच लावून देवाच्या फोटोंच्या रांगेत टांगलेलं होतं.

आमचं घर सायझिंगच्या मागच्या गल्लीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, जवळच्याच शेडमध्ये मागावर कामाला होते. त्या मागांना लागणारे बीम, म्हणजे खळ दिलेलं सूत गुंडाळलेले रूळ, याच सायझिंगमधून यायचे, म्हणजे आमच्या घरची भाकरी त्या चिमणीवरच भाजली जायची असं म्हणायला हरकत नाही. चिमणी फार उंच नव्हती. पहाटे बॉयलर पेटला की पहिला तास-दीड तास तिच्यातून दाट काळा धूर निघायचा आणि वारा पडलेला असला की गल्लीत उतरायचा. दोरीवरच्या धुण्यावर काळे कण बसायचे. आई ते झटकायची नाही, झटकलं की फासतात म्हणून फुंकायची. शेजारणींनाही तीच सवय. सगळ्या गल्लीतल्या बायका सकाळी धुण्यावर फुंकर घालत उभ्या असायच्या, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

मी सहा-सात वर्षांची असताना मला धाप लागायला लागली. शाळेला निघायच्या वेळी छातीत शिट्टी वाजायची, खांदे वर चढायचे, आणि मी उंबऱ्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसायची. डॉक्टरांची औषधं झाली. मिरजेला दाखवून आणलं. कुणी सांगितलं म्हणून कसलासा काढा झाला, कुणी सांगितलं म्हणून दही-केळं बंद झालं. "पोरगी नाजूक हाय," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. चिमणीचं नाव कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तरी पुढं काय करणार होते?

सोपानकाका कामावर येता-जाता मला उंबऱ्यावर बसलेली पाहत असत. एक दिवस ते थांबले आणि आईला विचारलं, "वैनी, हिला हे कवा कवा हुतं?" आई म्हणाली, सकाळचंच जास्त. काका "हं" म्हणून गेले. त्यानंतर आठवडाभर ते रोज दुपारी आमच्या दारात थांबून विचारत, आज झालं का, किती वाजता झालं. आईला वाटलं, माणूस मायाळू आहे, चौकशी करतोय. मग एका रविवारी सकाळी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून घरी आले. आप्पांनी चटई टाकली. काका बसले, पण पाठ टेकली नाही.

"मारुती, मी आठ दिस बघितलं गड्या. वारं हिकडं फिरलं, की पोरीला धाप लागती. सुट्टीदिवशी बॉयलर बंद, त्या दिशी लागत न्हाई. तू बी बघ पायजे तर." मग काका म्हणाले, "त्यो धूर माझा हाय. मी टाकतो कोळसा, मी काढतो धूर. तुला सांगितल्याबिगर ऱ्हावंना, म्हनून आलो."

ते वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. मी दाराआड उभी होते आणि मला वाटलं, काकांनी काही चोरलंबिरलं की काय. पुढं मोठी झाल्यावर, शिकल्यावर, कितीतरी माणसं पाहिली, चांगली शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरची. 'हा धूर माझा आहे' असं म्हणणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. मालक म्हणायचा कोळसा हलका येतो, कोळसेवाला म्हणायचा मालक स्वस्तातला मागतो, आणि आम्ही म्हणायचो पोरगी नाजूक आहे.

नुसतं सांगून ते थांबले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी आपली कोळसा टाकायची रीत बदलली. बहुतेक फायरमन एकदम दहा-बारा फावडी भट्टीत लोटून थोडा वेळ बिडी ओढायला मोकळे होतात. तसा ढीग टाकला की कोळशाला हवा पुरत नाही, तो गुदमरतो आणि चिमणीतून काळा धूर सुटतो. काका पातळ थर टाकू लागले, दोन-दोन फावडी, घडीघडीला. म्हणजे बसायला उसंत नाही. भट्टीचं दार सारखं उघडायचं, तोंडावर झळ घ्यायची, कोळसा पसरायचा, आणि धावत बाहेर येऊन मान वर करून चिमणीकडं बघायचं. धूर राखाडी असला की पुन्हा आत. गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करायची, कंबरेवर हात ठेवून वर बघायची. धूर खरोखर कमी झाला. माझी धाप निम्म्यानं कमी झाली असं आई सांगायची. पण निम्मीच. पहाटेचा पहिला धूर आणि ट्रकमधून येणारा तो दगडमिश्रित कोळसा, या दोन्हींपुढं एकट्या माणसाचं फावडं किती पुरणार?

मग ते पुन्हा एकदा आले. त्यांचं मूळ गाव आटपाडीकडचं. तिथं त्यांची थोरली बहीण, तानाक्का, गावाबाहेर वस्तीवर राहायची. मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि चारी बाजूंना उघडा माळ. "पोरीला आक्काकडं ठेवा," काका म्हणाले. "तिथं कोरडी हवा हाय, चूल बी भाईर पेटती. शाळा हाय. वर्ष-दोन वर्षं काढू द्या, छाती भक्कम हुईल तिची." आई एकदम म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी पोर कशी ठिवू वो?" काका खाली बघत म्हणाले, "वैनी, दुसऱ्याचं न्हवं. माझं घर हाय त्ये. आन् ज्येचा धूर, त्येनंच हवा द्याया पायजे का न्हाई?"

दोन वर्षं म्हणता म्हणता मी पाच वर्षं आटपाडीला राहिले. तानाक्कानं मला पहिल्या दिवशी पाहिलं आणि म्हणाली, "आत्ता गं बया! ही तर चिपाडच हाय." तिनं मला बाजरीची भाकरी आणि मेंढीचं दूध यांवर वाढवलं. तिचा नवरा वर्षातले सहा महिने मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या गावांकडं असायचा. त्या दिवसांत घरात मी आणि आक्का अशा दोघीच असायचो. सुरुवातीला मी रडायची. पण दुसऱ्या हिवाळ्यात एक दिवस मी कोकराच्या मागं पळत ओढ्यापर्यंत गेले आणि परत येईपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही की मी पळाले. आक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघतच राहिली.

काका पंधरा दिवसांनी एकदा, सुट्टीदिवशी, एसटीनं यायचे. आईनं दिलेली चटणी, एखादा फ्रॉक, वह्या असं काही पिशवीत असायचं. आले की पहिलं काम म्हणजे मला समोरच्या बाभळीपर्यंत पळत जाऊन यायला सांगायचं. मग मला पाठमोरी उभी करून पाठीला कान लावायचे. बॉयलरचा आवाज ऐकून आत काय चाललंय ते ओळखणारे ते कान. "शिट्टी न्हाई. बेस चाललंय," असं म्हणून हसायचे. ते आले की आम्ही दोघं माळावर जायचो. परीक्षेसाठी वाचलेलं त्यांना सगळं पाठ होतं, तेच ते मला सांगायचे. कोळसा म्हणजे लाखो वर्षांपूर्वीची झाडं, चिखलात गाडली गेलेली, दाबली गेलेली. "येवढं ऊन त्यांनी पोटात घिऊन ठिवलं. आन् आमी त्ये सकाळी पाचला पेटवून संध्याकाळपातूर राख करून मोकळं." हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. कोळशाबद्दल ते वाईट कधी बोलले नाहीत. त्यांना त्याची दया यायची, असं मला आता वाटतं.

तानाक्काच्या वस्तीवर वीज आली तो दिवस मला नीट आठवतो. खांब आधीच उभे राहिले होते. संध्याकाळी दिवा लागला तेव्हा आक्कानं बटणाला हळदकुंकू लावलं आणि तीन वेळा दिवा लावून-विझवून पाहिला. काका त्या दिवशी मुद्दाम आले होते. मी विचारलं, "काका, ह्या दिव्याचा धूर कुठाय?" मला वाटलं होतं ते कौतुकानं हसतील. ते दिव्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ह्येचाबी हाय की. लांब हाय, म्हनून दिसत न्हाई. तिकडं विदर्भात मोठमोठ्या चिमण्या हायत्या, आपल्या चिमणीच्या धा पट उंच. हितं दिवा लागला, की तिकडं कुनीतरी फावडं मारतो. आन् त्या चिमणीखाली बी कुनाची तरी पोर उंबऱ्यावर बसली असंल..." थोड्या वेळानं म्हणाले, "म्हनून आक्का, गरज नसंल तवा बंद करीत जा." आक्कानं ते जन्मभर पाळलं. आज मी शाळेत ऊर्जेचे स्रोत शिकवते, पुस्तकात रकाने आहेत, फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला. पण तो धडा मी पहिल्यांदा शिकले तो आटपाडीच्या माळावर, साठच्या बल्बखाली.

आठवीला मी माधवनगरला परत आले. छाती आता भक्कम झाली होती. आणि परत आल्यावर वर्षभरातच ते राखेचं प्रकरण झालं.

कोळसा जळतो, धूर उडून जातो, पण राख उरतेच. आणि आमच्याकडं येणाऱ्या कोळशाची तर फारच उरायची. सायझिंगवाले ती मागच्या ओढ्याच्या काठाला टाकत होते, वर्षानुवर्षं. तिथंच गल्लीची विहीर होती. त्या वर्षी पावसानं राखेचा ढीग घसरला, आणि विहिरीच्या पाण्यावर राखाडी तवंग धरू लागला. पाण्यात डाळ शिजेना. लहान पोरांच्या अंगाला खाज सुटली. बायकांनी पाण्याच्या बाटल्या भरून सांगलीला नेल्या, अर्ज दिला, आणि एक दिवस सरकारी साहेब पाहणीला आले. मॅनेजर त्यांना बॉयलरपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, राख सगळी वीटभट्टीवाले उचलून नेतात, ओढ्यात टाकत नाही. पुरावा म्हणून त्यानं काकांकडं बघितलं. आधीच सांगून ठेवलं होतं, नुसती मान हलव.

साहेबांनी विचारलं, "राख कोण काढतं?"

"म्या काढतो."

"कुठं टाकता?"

काकांनी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. "चला सायेब, दावतो," म्हणाले, आणि पुढं चालू लागले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. सायझिंगला नोटीस आली, बॉयलर थांबला. बीम येईनात, तसे माग थांबले. आप्पा घरी बसले. अख्खी गल्ली घरी बसली. ज्या बायका बाटल्या घेऊन सांगलीला गेल्या होत्या, त्यांच्याच घरात आता पिठाचे डबे वाजू लागले. आणि राग निघाला तो मॅनेजरवर नाही, मालकावर नाही, काकांवर. "मान हलवली असती तर काय जीव जात हुता का ह्येचा?" एके सकाळी कुणीतरी पाटीभर राख त्यांच्या दारात ओतून गेलं. मी शाळेला निघाले होते. इंदूकाकी खराट्यानं ती राख गोळा करत होती, आणि काका तिच्यापुढं सूप धरून बसले होते. मला बघून म्हणाले, "जा जा, शाळंला उशीर हुईल." मी तशीच उभी राहिले तर म्हणाले, "आगं, राख माझीच हाय की. घरी आली."

आप्पांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. समोरून येताना दिसले की बाजू बदलायचे. मला हे सहन होत नव्हतं, पण वडिलांना बोलायची छाती नव्हती. बोलली ती आई. जेवताना आप्पा नेहमीप्रमाणे काकांच्या नावानं काहीतरी पुटपुटले, तेव्हा तिनं भाकरी थापायची थांबवली. "ही पोर तुमच्याम्होरं बसून जेवतीया, धडधाकट. कुनामुळं, त्ये इसरला व्हय?" आप्पा उठून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाहिलं, ते काकांच्या कट्ट्यावर बसले होते. दोघांच्यात हातभर अंतर. मग आप्पांनी खिशातून तंबाखू काढली, तळहातावर घेतली आणि समोर बघत विचारलं, "चुना हाय का रं तुझ्याकडं?" काकांनी डबी पुढं केली. एवढंच. पण त्या दिवसानंतर गल्लीही हळूहळू सैल झाली.

सायझिंग पुन्हा सुरू झालं ते चिमणीची उंची वाढवून, आणि धुरातली राख पाण्याच्या फवाऱ्यानं खाली बसवणारी एक टाकी बसवून. राख खरोखरच वीटभट्टीला जाऊ लागली. काकांना मात्र बॉयलरवरून काढून गेटवर बसवलं होतं. शिक्षाच ती. नवा माणूस आणला, त्याला काही ते जमेना. वाफेचा काटा कधी खाली, कधी वर. दोन-तीन महिन्यांनी मॅनेजर स्वतः गेटवर आला आणि म्हणाला, या परत. काका म्हणाले, "येतो. पर कोळसा दगडाचा आनायचा न्हाई." त्यांनी पगारवाढ मागितली नाही म्हणून काकी पुढं कितीतरी वर्षं त्यांना टोचून बोलायची आणि ते हसायचे.

मी बी.एड.ला साताऱ्याला गेले तेव्हा मला पोचवायला आप्पांबरोबर तेही आले. वसतिगृहाचं सगळं आटोपल्यावर म्हणाले, हितं वर पठारावर पवनचक्क्या हायत्या म्हनं, बघून जाऊ. आम्ही तिघं चाळकेवाडीला गेलो. धुकं नुकतंच हटलं होतं. त्या अजस्र पांढऱ्या पात्यांखाली काका लहान मुलासारखे उभे राहिले. खांबाला हात लावला, मग कान लावला. तिथल्या राखणदाराला विचारलं, "ह्येची राख कुठं टाकता?" राखणदार हसून म्हणाला, "ह्येला कशाची राख काका, वारंच हाय नुसतं." काकांनी मान हलवली, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. पलीकडं एक म्हातारा मेंढरं चारत होता. त्याच्याशी ते अर्धा तास बोलत बसले. येताना म्हणाले, "त्यो म्हन्तो, आवाजाला मेंढरं बुजत्यात. रस्त्यापायी चराऊ रान बी गेलं." मग एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "फुकट कायबी न्हाई बघ सुनी. पर ह्यो सौदा आपल्यापरास लय बरा."

मला आष्ट्याच्या शाळेत नोकरी लागली. विज्ञान शिकवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी त्यांना वर्गात बोलावलं. ते आधी नको म्हणाले. मग आले ते दरवर्षी येत राहिले, निवृत्तीनंतरही. रुमालात बांधून एक कोळशाचा खडा आणायचे, एक राखेची पुडी आणायचे, आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. मुलं गप्प होऊन ऐकायची, कारण ते पुस्तकातलं बोलत नव्हते. आपली चूक कुठं झाली, धूर कसा कमी केला, विहीर कशी बिघडली, सगळं सांगायचे. माझी धाप तेवढी सांगायचे नाहीत. मीच सांगायचे.

एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. धीट पोरगी होती. "आजोबा, तुम्हाला एवढं सगळं कळत हुतं, तर तुमी ते काम सोडलं का न्हाई?"

मी मध्ये पडणार होते, काकांनी हातानं थांबवलं. "चांगलं इचारलंस," ते म्हणाले. खडा हातात घेऊन फिरवत राहिले. "म्या सोडलं असतं तर दुसरा आला असता. त्यो चिमणीकडं बघनारा असता, का नसता..." मग थांबले. खडा खाली ठेवला. "पर खरं सांगू का बाळ? पोटासाठी. दुसरं कायबी न्हाई. पोटासाठीच." मुलगी खाली बसली. वीस वर्षांच्या मास्तरकीत मी मुलांना यापेक्षा खरं काही ऐकवलेलं नाही.

धुरानं त्यांनाही सोडलं नव्हतंच. आधी नुसता खोकला होता. मग जिना चढताना थांबू लागले. मग डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो दाखवला. शेवटची दोन वर्षं दिवसातले बरेच तास नाकात नळी असायची आणि कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र घरघरत असायचं. माझ्या लहानपणीची माझी बसायची ढब आता त्यांची झाली होती, हात गुडघ्यांवर, खांदे वर. मी आष्ट्याहून रविवारी जायची. जाताना जे घेऊन जायची ते काकी ठेवून घ्यायची आणि काका म्हणायचे, "पळून दाव बघू." चाळीशी उलटलेली मी, दारातून रस्त्यापर्यंत भरभर जाऊन यायची. त्यांना फार वेळ उभं राहवत नव्हतं म्हणून मी खाली बसून त्यांच्याकडं पाठ करायची, आणि ते कान लावायचे.

आमची शेवटची भेट ते जाण्याच्या आधीच्या रविवारची. यंत्र चालू होतं. त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "सुनी, ह्ये कशावर चालतं?" मी म्हटलं, करंटवर. "आन् करंट?" मला त्यांचा रोख कळला. "कोळशावर," मी म्हटलं. ते दम खात, मध्ये मध्ये थांबत म्हणाले, "जल्मभर म्या त्येला जाळलं... आन् शेवटाला त्योच मला हवा देतोय. दुस्मन म्हनू का सोयरा म्हनू?" आणि हसले. हसताना खोकला आला, तरी हसत राहिले. मी त्यांचा हात धरला. त्या हातावर ठिणग्यांचे जुने डाग होते, बारीक, पांढरे. मला खूप बोलायचं होतं. तुम्ही नसता तर मी... असं काहीतरी. निम्म्यातच त्यांनी अडवलं. "आगं, त्यात काय. धूर माझा हुता."

तेराव्यानंतर मी दोन दिवस काकीजवळ राहिले. पहिल्या सकाळी जाग आली तर ती अंथरुणात नव्हती. शोधत गच्चीवर गेले. गच्चीवर सौरऊर्जेचे दोन तक्ते आहेत. लाईट गेली की यंत्र बंद पडतं म्हणून दोन वर्षांपूर्वी काकीच्या सासरी गेलेल्या लेकीनं बसवून दिले होते. मी ते कधी जवळून पाहिलेही नव्हते. काकी तांब्याभर पाणी आणि ओलं फडकं घेऊन ते पुसत होती. म्हणाली, रोज सकाळी काका हेच करायचे. पायऱ्या चढवत नव्हत्या, तरी नळी काढून ठेवायचे, तीन ठिकाणी थांबायचे, पण वर यायचेच. धूळ बसली की वीज कमी होते म्हणून पुसायचे. आणि पुसून झालं की फडकं उन्हात धरून निरखून बघायचे.

"काय बघायचे?" मी विचारलं.

काकीनं शेवटचा कोपरा पुसला, फडकं झटकलं, आणि पूर्वेला तोंड करून दोन्ही हातांनी ते उन्हात पसरून धरलं. मग माझ्याकडं वळून मला दाखवत म्हणाली, "माती हाय नुसती. काळं न्हाई."